शेजाऱ्याने द्यायची पायरी

झरी जामणी तालुक्यातील एका कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे जंगलालगतच्या लहानशा वस्तीवर, मी शिक्षक असताना आमच्याकडे जीवनसमाधानाचे सर्वेक्षण आले. फॉर्मवर शिडीचे चित्र होते. तळाशी अगदी वाईट आयुष्य, दहाव्या पायरीवर याहून चांगले शक्य नाही असे. आपण कोणत्या पायरीवर आहोत, एवढेच प्रत्येक घरातील कर्त्या माणसाने सांगायचे होते. घरे तेवीस. फॉर्म दिवाळीच्या सुटीआधी मंजूर झाले, तरच मला पुसदला पत्नी आणि मुलीकडे जाता येणार होते. म्हणून आदल्या दिवशी मी प्रश्न फळ्यावर लिहून दोनदा मोठ्याने वाचून पाहिला.

पहिल्याच घरी आजोबांनी मान हलवली. "माह्यं मी कसं सांगू, गुरुजी? आपली पाठ आपल्याले दिसते काय? तिले इचारा."

समोरच्या अंगणात एक म्हातारी मूग पाखडत होती. तिने सूप खाली ठेवून आजोबांना न्याहाळले. "सात. नाई, सहा. काल त्यानं माही कोंबडी हाकलली."

"एका कोंबडीची पुरी पायरी?"

"अंड्यावर बसली होती ते!"

"मंग अर्धी काप."

अर्ध्या पायरीची सोय फॉर्मवर नाही, हे मी चित्र दाखवून समजावले. शेवटी आजोबांनी कोंबडीला मूठभर ज्वारी टाकली आणि म्हातारीने सात कबूल केले.

पुढील सर्व घरी हीच रीत निघाली. स्वतःचे सुख स्वतःच सांगणे म्हणजे तेथे बढाई. दोन दिवसांत वस्तीतील तीन जुनी भांडणे मिटली आणि एक नवे सुरू झाले.

प्रत्येक आकड्यापुढे 'शेजाऱ्याच्या मते' अशी नोंद करून मी फॉर्म पाठवले. तालुक्याहून साहेबांचा फोन आला. "सर, शेजाऱ्याचं मत कोणी मागितलं? ज्याचं त्यानं सांगायचं. सगळे फॉर्म नव्याने भरा."

मी वस्तीपुढे हात जोडले. "गुरुजीले घरी जाचं हाय," असे एकमेकांना बजावत सर्वांनी स्वतःच उत्तर दिले : दहा. आजोबांनी अकरा सांगितले. बढाईच मारायची, तर कंजुषी कायले?

सगळेच इतके सुखी नसतात, असे म्हणून साहेबांनी तेही परत पाठवले आणि नमुन्यादाखल माझा फॉर्म मागवला. मी आठ लिहिले. किती लिहिले, ते म्हातारीने विचारून घेतले.

"आठ? थैली भरून पंधरा दिस झाले. रोज येस्टीच्या टायमाले रस्त्यावर जाऊन उभे राह्यता. आन् आठ? तीन लिहा!"

मी आठ खोडून तीन लिहिले. चोवीस फॉर्मांपैकी तेवढाच मंजूर झाला. बाकीच्यांसाठी माझी सुटी रद्द झाली.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारच्या एस.टी.तून माझी पत्नी आणि मुलगी चकलीचा डबा घेऊन उतरल्या. अंगणातून म्हातारी ओरडली, "गुरुजी, खोडा तो तीन!"

मंजूर झालेल्या फॉर्ममध्ये दुरुस्ती करता येत नाही, हे मी तिला नियमासह समजावू लागलो.

"आधी डबा धरा," पत्नी म्हणाली.