पोळीच्या लाडवातली कॅप्सूल

गूळ-तुपात वळलेल्या पोळीच्या लाडवाचा वास आला की मला कोथरूडच्या घरातली आमची म्हातारी कुत्री आठवते. तिला कुशिंगचा, म्हणजे अंगात एक हार्मोन जास्त होण्याचा, आजार होता. सारखं पाणी प्यायची, पोट सुटलेलं आणि भूक अशी की आम्ही जेवायला बसलो की टेबलाखालून हलायची नाही. डॉक्टरांनी कॅप्सूल दिली आणि बजावलं, "जेवणाबरोबरच द्या. खाणं सोडलं तर औषध थांबवून लगेच फोन करा." आई ती पोळीच्या लाडवात लपवून द्यायची. काही आठवड्यांनी कुत्री टेबलाखाली येईनाशी झाली, तिचा भातही तसाच राहिला. आई खूश. "बघा, शहाणी झाली. आता मागत नाही." बाबांनी पेपर खाली केला. "या घरात असं अचानक कुणी शहाणं झालेलं मी पाहिलेलं नाही. डॉक्टरांना फोन लाव." औषध जास्त होत होतं. ते थांबवून पुढे कमी केल्यावर कुत्री पुन्हा टेबलाखाली आली. आई तिच्यावर वैतागली, पण कुत्री पायांवर रेलली तरी आपले पाय काही काढून घेतले नाहीत. बाबा जाऊन आता बरेच दिवस झाले. काल आईने ताटात अर्धी पोळी ठेवली. "या वयात एवढंच पुरतं," म्हणाली. मी हात धुतला आणि आईच्या डॉक्टरांना फोन लावला.