गुणवंताचा परदेशी सिनेमा

पांढुर्ण्याच्या संत्रामंडीत गुणवंता बोली पुकारायला उभा राहिला, की आवाज पार स्टेशनापर्यंत जायचा. मोठा बोलका माणूस. पण वर्षभर घरात त्याच्या तोंडाला कुलूप होतं. मागच्या वर्षीच्या गोटमारीत त्यानं फेकलेला गोटा थेट जावयाच्या कपाळावर बसला होता.

जावई भिवाजी सावरगावचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून दोन्ही गावं एकमेकांवर गोटे चालवतात. तिथं कोण सासरा अन् कोण जावई! त्या दिवशीचा घाव मनात धरायचा नाही, माफीही मागायची नाही, असं गुणवंताच्या आळीतले म्हातारे सांगत. गुणवंतानं ते इमानेइतबारे पाळलं. जावयाला टाके पडले, तरी हा साधा बघायलाही गेला नाही. घोडं पेंड कुठं खातं, ते शहाण्याला कळलंच नाही. तेव्हापासून भिवाजीनं सासरी पाऊल टाकलं नाही, आणि लेक नलिनी दिवाळीलाही माहेरी आली नाही.

पंच्याऐंशी सालच्या गणपतीत मंडळानं नागपूरहून व्हीसीआर आणला. व्हिडिओ म्हटल्यावर सावरगावही मंडपात लोटलं. सांगितला होता मारधाडीचा सिनेमा. निघालं घोडेस्वारांचं कार्टून, तेही कुठल्याशा परक्या भाषेत. एकच कालवा झाला.

"गुणवंताभाऊ, तुमीच सांगा काय चालू हाय ते!" म्हणत कोणीतरी त्याच्या हातात माईक कोंबला.

त्याला तरी काय कळत होतं! पण गडी खुलला. काटकुळ्या नायकाला त्यानं जवळच्या सौंसरचा केला, ढेरपोट्या फौजदाराला बोरगावचा. पिस्तुलं धडाधड वाजत होती, टोप्या उडत होत्या, विजारी घसरत होत्या, पण रक्ताचा थेंब नाही. लोक पोट धरून हसत होते.

त्या हसणाऱ्यांत मागच्या खांबाशी त्याला नलिनी दिसली. शेजारी भिवाजी. कपाळावरचा व्रण एवढ्या लांबूनही दिसत होता. टीव्हीवर नायक अन् दरोडेखोर समोरासमोर उभे राहून काहीतरी बोलत होते.

"तो काय म्हणून राहिला, भाऊ?" पुढच्या बायांनी विचारलं.

गुणवंतानं माईक तोंडाशी धरला. "तो म्हणून राहिला... माह्या हातून लागलं. मी पाह्यलं होतं. त्याच दिवशी मले तुमच्या दारी याले पायजे होतं. रीत रीत करत घरात बसून राह्यलो. लाज वाटते मले, जवाईबापू."

कोणीतरी हसलं, आणि लगेच गप्प झालं. गोष्ट दोन्ही गावांना ठाऊक होती. आता दरोडेखोर तोंड हलवत होता, पण त्याचं उत्तर काही गुणवंताला सुचेना. डोळे भरून आले होते, टीव्हीच दिसेना.

भिवाजी उठला. बसलेल्या पोराबाळांतून वाट काढत पुढं आला आणि त्यानं सासऱ्याच्या हातातला माईक घेतला.

"तो म्हणते, मामाजी, गोट्याचं दुखलं नाही. तुमी आले नाही, त्याचं दुखलं." मग माईक परत त्याच्या हातात देत तो हळूच म्हणाला, "आता पुढचं सांगा. आमी आज तुमच्याच घरी मुक्कामी हावो."