आकाशगंगेला जास्तीची पाकळी

बायको गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तिघं फरशीवर आकाशगंगा जोडत बसलो होतो: मी, ती आणि समोरच्या खोलीतला रेडिओवाला. असा माणूस अख्ख्या मुलुंडात दुसरा नव्हता. आकाशाचे रस्ते त्याला पाठ, पण आमच्या दारातली रांगोळी दिसायची नाही. रोज सकाळी तिच्यावर पाय देऊनच कामावर निघायचा. "मेल्या, खाली बघ की जरा!" बायको ओरडायची. "सॉरी काकू," म्हणत हा मागे सरकायचा आणि उरलेलीही पुसायचा.

त्याचं कामही तसलंच. लांबच्या दुर्बिणीने आकाशातल्या रेडिओच्या लहरी पकडायच्या आणि आकाशगंगेत कुठे किती उजेड आहे त्याचा नकाशा काढायचा. तो उजेड डोळ्यांना दिसत नाही म्हणे.

"लहर केवढी रे?" बायकोने विचारलं.

"मिलिमीटरची. मोहरीएवढी, काकू."

"म्हणजे वर फोडणीच चाललीय!"

पठ्ठ्याने ते वहीत लिहून घेतलं. मी चौथी शिकलेला, पण मरोळच्या कारखान्यात लेथवर जन्म गेला. मिलिमीटर मला कळतो. तेवढा चुकला की माल परत.

त्याच्या खोलीत पुस्तकांनी पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून आकड्यांचे लांबच लांब कागद आमच्याकडे पसरायचे. सारखे आकडे पेन्सिलीने जोडायचे, की उजेडाभोवती रेघ तयार. ठिपके जोडण्यात बायकोचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिने पेन्सिलच हिसकावून घेतली.

त्या संध्याकाळी एका बाजूला पाकळीसारखी रेघ आली, म्हणून तिने दुसऱ्या बाजूलाही तशीच काढली.

"काकू, इथे आकडाच नाही."

"मग तुझं आकाश लंगडं आहे. मी नीट केलं."

तो हसत राहिला. मीच बोललो, "माल चुकलाय. खोडून टाक." ती फणकाऱ्याने आत गेली. उद्या खोडू, असं ठरलं. पहाटे तिचं हृदय बंद पडलं.

सुतकात दाराशी रांगोळी नाही. पण रेडिओवाला त्या रिकाम्या जागेला रोज वळसा घालून जायचा.

तेराव्याला तो गुंडाळी घेऊन आला. नकाशा साहेबांना द्यायचा होता. खोडरबर हातात घेऊन नुसता बसून राहिलो, म्हणाला. शेवटी सगळा नकाशा नव्या कागदावर पुन्हा काढला. "हा चुकीचा तुमच्याकडे ठेवा, काका."

मी "बरं" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारातली फरशी पुसली, तिचा रांगोळीचा डबा काढला आणि चुकीचा नकाशा समोर ठेवून रेघा ओढल्या. जाड आल्या, वाकड्या आल्या. पाकळी शेवटी काढली. ती मात्र मिलिमीटरभरही चुकू दिली नाही.