चारदा कापलेलं बदक

शी! आजही त्या दुकानावरून जाताना मी पदर नाकाला लावते. वासामुळे नाही. वास सगळ्याच कोंबडीवाल्यांकडे येतो आणि आम्हा इजिप्तमधल्या दुम्यातच्या बायकांना त्याचं काही वाटत नाही, बदकांच्या घाणीतच तर आम्ही लहानाच्या मोठ्या झालो. मला किळस येते ती हाजी मुतवल्लीच्या त्या हसऱ्या तोंडाची. कपाळावर नमाजाचा घट्टा, हातात माळ, आणि गिऱ्हाइकाला म्हणायचा, "डोळ्यांदेखत कापून देतो, आई."

पण मला सांगायचंय ते एतिदालबद्दल.

एतिदाल माझी शेजारीण. शाळेत झाडूपोछा करायची, नवरा लवकर गेला, पदरात एकच मुलगी, इब्तिहाल. उंचीला बुटकी, आवाजाला खणखणीत. आमच्या गल्लीत सणाला बदक घ्यायचं तर एतिदालला बरोबर न्यायचं, हे ठरलेलं. ती बदक काखेत घ्यायची, छातीच्या हाडावरून अंगठा फिरवायची, पिसांवर फुंकर मारून खालची कातडी बघायची, चोच उघडून वास घ्यायची. मग म्हणायची, "हे घे," नाहीतर, "हे म्हातारं आहे, दुकानदारालाच खाऊ दे."

कापलेलं पाखरू ताजं की बर्फातलं, तेही तिनंच आम्हाला शिकवलं. "शिजलं की सांधा मोडून हाड बघायचं. ताज्याचं हाड स्वच्छ निघतं. बर्फातून आलेल्याचं सांध्याशी काळं पडतं, मग वर कितीही मसाला चोपडा." ही परीक्षा तिनं सगळ्या गावाला सांगून ठेवली होती. हौसच होती तिला त्याची. पुढे तीच तिच्या उरावर बसली.

इब्तिहालचं लग्न गेल्या हिवाळ्यात झालं. सासर मोठं, फर्निचरचा कारखाना, घरात बारा माणसं. सासू हज करून आलेली, म्हणून सगळे तिला हाज्जा निमात म्हणायचे. बाई पाच मिनिटांत पाच वेळा आपल्या खानदानाचं नाव घेणारी. आमच्याकडे मुलीच्या पहिल्या वर्षी दर सणाला आईनं सासरी ताट पाठवायचं असतं, आणि ताटात कांद्याचं सारण भरलेली बदकं. ते ताट सासरची माणसं नुसती खात नाहीत, मोजतात, चाखतात, आणि वर्षभर मुलीला ऐकवतात. एतिदालला पैशाचा दिमाख दाखवता येत नव्हता. पण बदक? बदक तरी गावात सगळ्यात चांगलं जाईल, अशी तिची जिद्द.

रमजानच्या पंधरा दिवस आधी, शाबान महिन्याच्या पंधराव्याच्या सणाला तिनं मुतवल्लीकडून दोन बदकं स्वतः निवडली. गर्दी इतकी की तो बदक पडद्यामागे न्यायचा, हातात पत्र्याचा बिल्ला द्यायचा, आणि अर्ध्या तासानं सोललेलं पाखरू पिशवीत घालून द्यायचा. एतिदालनं पिशवी घेतली, घरी आणली, भरली, भाजली, पाठवली. जन्मभर दुसऱ्यांची पाखरं दहादा तपासणारी ही बाई, आपण निवडलेलं तेवढं पुन्हा तपासायला विसरली. स्वतःच्या डोळ्यांवर कोण संशय घेतं?

संध्याकाळी इब्तिहाल रडत आली. बारा माणसांसमोर हाज्जानं बदकाची तंगडी मोडली होती, हाड सगळ्यांना दाखवलं होतं आणि म्हणाली होती, "बघा गं, गावाला शिकवणाऱ्या बाईनं आपल्या लेकीला काय पाठवलंय! बर्फाचं मढं! आमच्या घरात असलं कधी शिरलं नव्हतं."

"आणि तू काय म्हणालीस?" एतिदालनं विचारलं.

"काय म्हणणार, आई? हाड काळंच होतं."

एतिदाल घरात कोंडून बसली. दोन दिवस शाळेतही गेली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "समीहच्या आई, मी जिवंत निवडलं होतं. माझ्या हातात त्याचं काळीज उडत होतं. मग माझं बदक गेलं कुठं?"

वीस वर्षं मीही तिथूनच घेत होते की!

रमजानच्या आदल्या दिवशी सकाळीच आम्ही दोघी निघालो. एतिदालनं उजव्या अंगठ्याला कपड्यांची नीळ चोळली होती. मला म्हणाली, "तोंड उघडू नकोस. तुझी सवय माहीत आहे मला."

दुकानात बायका एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. एतिदालनं पिंजऱ्यातलं सगळ्यात देखणं, भरल्या छातीचं बदक उचललं, फुंकर मारायच्या निमित्तानं त्याच्या पंखाखाली अंगठा दाबला आणि ते मुतवल्लीच्या हातात दिलं.

"वा, इब्तिहालच्या आई! तुमची नजर म्हणजे नजर!" तो म्हणाला. "डोळ्यांदेखत कापून देतो."

बदक पडद्यामागे गेलं. बिल्ला हातात आला. थोड्या वेळानं पिंजऱ्याच्या मागच्या झडपेतून नवीन बदकं आत ढकलली गेली. माझी पाळी आली. एतिदालनं माझ्यासाठी हात घातला, एक उचललं, पंख वर केला. निळा डाग! मी किंचाळणारच होते, तेवढ्यात तिनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

"हेच घे," ती गोड आवाजात म्हणाली.

"अगं पण—"

"हेच घे म्हटलं ना!"

घेतलं, काय करणार. मग एका अनोळखी बाईनं तिला गळ घातली, माझंही निवडून द्या. पुन्हा तेच बदक. ते बिचारं आता इतकं वैतागलं होतं की उचलताच फिस्कारायला लागलं. तोवर आमच्या दोघींच्या पिशव्या आल्या. आतली बदकं बाहेरून कोमट, मानेला ताजं लाल रक्त, पंखाच्या टोकाला मुद्दाम ठेवल्यासारखी दोन पिसं. एतिदालनं पोटाच्या आत बोट घातलं. मीही घातलं. आत दगडासारखं गार.

चौथ्यांदा कुणीतरी त्या बदकाला हात लावला आणि एतिदाल कडाडली.

"थांब, बाई! ते बदक आधीच तीनदा कापून झालंय!" तिनं ते वर धरलं, पंख ताणून दाखवला. "ही माझी नीळ. सकाळी माझ्यासाठी कापलं, मग हिच्यासाठी, मग त्या बाईंसाठी. आणि बघा मेलं अजून ओरडतंय!"

बायका हसायला लागल्या. मुतवल्ली हसला नाही. "इब्तिहालच्या आई, उद्या रोजा आहे. आज तमाशा नको."

"रोजा तुलाही आहे ना रे, हाजी?" असं म्हणून तिनं पडदाच ओढला.

मी तिच्या मागे होते म्हणून मला दिसलं. नसतं दिसलं तर बरं झालं असतं. न्हाणीएवढा मोठा टब, त्यात मळकं कढत पाणी, आणि त्यावर तरंगणारी पिवळट, कडक बदकं. बाजूला बर्फातल्या बदकांच्या, पुठ्ठ्याच्या फाटक्या पेट्या. आणि एका बादलीत रक्त, त्यात रंगाऱ्याचा ब्रश. ब्रश! त्या ब्रशानं माना रंगवत होते. किती दिवसांचं रक्त होतं देव जाणे, वर साय आली होती. मला तिथंच उलटी झाली. लाज कसली, झाली.

मुतवल्लीचं तोंड आता पार बदललं. "एवढं नाक मुरडू नकोस," तो दात खाऊन म्हणाला. "ज्या घरात पोरगी दिलीस ना, त्या घरात वीस वर्षं हीच बदकं जातात. हाज्जा निमात मागच्या दारानं येते, अर्ध्या किमतीत नेते, आणि सगळं माहीत असून नेते. आज पहाटेच सहा गेली. तिला चालतात, आणि तू कोण लागून गेलीस?"

एतिदालनं हातातलं बदक छातीशी घट्ट आवळलं.

मला वाटलं, आता बायका दुकान डोक्यावर घेतील. कसलं काय! क्षणभर कुजबुज झाली आणि मग पुढच्या बाईनं विचारलं, "हाजी, मला जिवंत द्या, इथंच कापा." आणि तिच्या मागून एकीनं, अगदी शांतपणे, "मला त्यातलंच द्या, पण हाज्जाच्या भावात." रांग पुन्हा जुळली. थू! माणसाच्या पोटापुढे नाक म्हणून काही राहतच नाही.

एतिदालनं ते निळ्या डागाचं बदक काखेत मारलं आणि चालू पडली. तिला अडवायची कुणाची छाती झाली नाही. रस्त्यात मी म्हणाले, "आता त्या निमातला असं सोल की जन्मात विसरणार नाही."

"नाही," ती म्हणाली. "एक अक्षर बोलायचं नाही. पोरीला तिथं नांदायचंय. मी जिवंत बदक देईन, त्यांच्या अंगणात त्यांनीच कापावं. माझ्या लेकीचं तोंड वर राहिलं की मला पुरे."

हाज्जाच्या बैठकीत नणंदा, जावा, दोन शेजारणी, सगळ्या कांदा चिरत बसल्या होत्या. हाज्जा मधोमध चहा घेत होती. एतिदालच्या काखेतलं बदक बघून तिनं भुवया चढवल्या.

"जिवंत आणलंस? काय गं, आता भाजायलाही येईना का?"

"तुमच्या डोळ्यांदेखत कापावं म्हटलं, हाज्जा."

"या वेळी हाड पांढरं निघेल ना?" सगळ्या खिदळल्या. "नाहीतर माझ्याकडे बघ. सहा ताजी आणलीत सकाळी. इब्तिहाल आत साफ करतेय. ये, तुला दाखवते ताजं म्हणजे काय असतं."

एतिदालचा चेहरा लालबुंद झाला. पण तिनं ओठ घट्ट मिटले, खरंच मिटले. मी तिच्या जागी असते तर छप्पर उडालं असतं. तिनं फक्त बदकाच्या पाठीवरून हात फिरवला.

तेवढ्यात इब्तिहाल स्वयंपाकघरातून बाहेर आली. कोपरापर्यंत ओले हात, बोटं गारठून जांभळी पडलेली. आमचं बोलणं तिनं ऐकलं होतं. तिनं सासूसमोरच्या बशीतला कप उचलून बाजूला ठेवला आणि त्या बशीत मुठीतलं काहीतरी ठेवलं. मुठीएवढा बर्फाचा गोळा होता, त्यात बदकाची मान आणि काळीज प्लॅस्टिकसकट घट्ट रुतून बसलेलं.

"सासूबाई, ताज्या बदकाच्या पोटात निघालं हे," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण खाली गेला नाही. "सहाच्या सहांत आहे. बाकीचे पाच कुठं ठेवू?"

कांदा चिरणारे सगळे हात थांबले. हाज्जा बशीकडे बघत राहिली. बर्फाचं लालसर पाणी बशीतून मांडीवर ठिबकायला लागलं तरी तिला हलता येईना.

"आत जा," शेवटी ती पुटपुटली.

"जाते. पण आत नाही." इब्तिहालनं भिंतीवरची शाल घेतली. "उद्याचा पहिला रोजा मी आईकडे सोडणार. तुमच्या मुलाला सांगा, यायचं असेल तर यावं. तिथं जेवताना हाड तपासावं लागत नाही."

एतिदाल पुढे झाली. तिनं बदक एका काखेत आणि लेक दुसऱ्या हातात धरली आणि आम्ही तिघी बाहेर पडलो. रस्त्यावर आल्यावर ती ढसाढसा रडली. बदक तिच्या काखेत ओरडत होतं आणि लोक बघत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रोजा सोडायची तोफ झाली आणि भिंतीपलीकडून मला त्यांचा आवाज ऐकू आला. जावईही आला होता. सांधा मोडल्याचा कट्‌ आवाज आला, मग इब्तिहाल ओरडली, "आई, पांढरं! पांढरंशुभ्र!"

मी माझ्या ताटाकडे बघितलं. घरात सहा माणसं, सण तोंडावर, पिशवीतलं ते रंगवलेल्या मानेचं बदक टाकून द्यायचा धीर मला झाला नव्हता. मी त्यात मिरे घातले, दालचिनी घातली, दुप्पट कांदा घातला. पोरं मिटक्या मारत होती. मी तंगडी उचलली, सांध्याशी काळं पडलेलं हाड मुलांना दिसू नये म्हणून अंगठ्याखाली झाकलं, आणि खाल्लं.