तीन शिट्ट्यांचा उपद्रव

माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातला हौशी बँड अमेरिकेच्या दक्षिणेकडील धाटणीचे रॉक वाजवतो. त्यांचे स्वतःचे गाणे एकच, आणि त्याचे शब्द माझे आहेत. त्यात गाणारा छाती पुढे काढून सांगतो, या इमारतीतला उपद्रवी मीच. एका माजी शिक्षिकेला हे कसे सुचले, असे लोक विचारतात, म्हणून क्रमाने सांगते.

जपानमधल्या मोठ्या भूकंपानंतरच्या वर्षी आम्ही तिथल्या ओजिमा भागात एका भाड्याच्या वसाहतीत राहत होतो. एके दिवशी लिफ्टजवळ सूचना लागली : कोणीतरी रोज सकाळी आपत्कालीन शिट्टी वाजवते, हे थांबले नाही, तर त्या कुटुंबाला घर सोडावे लागेल. तिथे बहुतेक घरांत भूकंपासाठी भरून ठेवलेली पिशवी असते. तिच्यातली शिट्टी ढिगाऱ्याखाली अडकलेल्याने वाजवायची असते. मी आधी मुलीला दम भरला, मग आमची पिशवी तपासली. शिट्टी वेष्टनातच होती. मी निश्चिंत झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि दारावरची घंटा वाजली. खालच्या मजल्यावर एकटे राहणारे आजोबा डोक्यावर हेल्मेट घालून, हातात टॉर्च घेऊन उभे होते.

"कोण अडकलंय?" त्यांनी जपानीत विचारले.

"डाळ," माझ्यामागून नवरा मराठीत पुटपुटला.

आता घर गेलेच, असे मला वाटले. तरी आजोबांना स्वयंपाकघरात नेऊन मी कुकर दाखवला आणि वर्गात समजावावे तशी वाफ आणि शिट्टी समजावली. त्यांनी हेल्मेट काढले आणि ते खुर्चीत बसले.

"रोज जिन्यापर्यंत यायचो," ते म्हणाले. "तेवढ्यात आवाज थांबायचा. वाटायचं, मला उशीर झाला."

मी क्षमा मागितली. यापुढे डाळ पातेल्यात शिजवीन, असेही सांगितले.

"नको. कुणी खोड्या काढत असेल, असंही वाटायचं, म्हणून सूचना मीच लावायला लावली होती, आजच काढतो. पण शिट्ट्या तीनच. चौथी ऐकली, तर वर येईन."

ते गेल्यावर आम्ही दोघे बराच वेळ हसत होतो. मुलीची मी माफी मागितली. त्याच संध्याकाळी नवऱ्याने गिटार काढली आणि मी वही.

गाण्यात एका ठिकाणी सगळी वाद्ये थांबतात आणि तीन शिट्ट्या वाजतात. ड्रमवाला म्हणतो, तालात चार बसतात. मी अजून परवानगी दिलेली नाही.