डिस्क वास्कोला होती

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. माहेर सर्वण, आता राहते डिचोलीत. आमच्याकडे वर्षातून एकदा देवचाराला, म्हणजे गावच्या राखणदाराला, रोट ठेवतात, तेव्हा मीही हात जोडते… पण ते सगळे जोडतात म्हणून. मशीन बंद पडलं तर त्याला कारण असतं आणि चालू झालं तरी त्याला कारण असतं, हे मी दरवर्षी नववीच्या वर्गाला पहिल्याच तासाला सांगते. यंदा सांगितलं नाही. का नाही, ते इथे लिहिते आहे. (घरी आम्ही कोंकणीच बोलतो. वाचणाऱ्यांना कळावं म्हणून बोलणं बहुतेक मराठीत लिहिलंय, एखादा शब्द तसाच राहील.)

माझी मोठी बहीण, ताई, लाटंबार्सेला असते. अंगणवाडीत आहे. भावोजी नदीतल्या मालवाहू बार्जवर कामाला, महिन्यातून दोनदा घरी. त्यांची एकुलती एक मुलगी तन्वी. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती.

कॉलेजच्या एका विषयासाठी तिला लॅपटॉपवर लिनक्स हवं होतं, जुनं विंडोजही ठेवून. “मावशी, तूच घालून दे,” म्हणत एका रविवारी ती लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. आधी बॅकअप घ्या, आधी बॅकअप घ्या असं मुलांना शंभरदा सांगणारी मी… त्या दिवशी घेतला नाही. अर्ध्या तासाचं तर काम. इन्स्टॉल करताना स्क्रीनवर दोन पर्याय येतात — जुन्याच्या शेजारी घालायचं, की सगळी डिस्क पुसून घालायचं. नेमका तेव्हा फोन वाजला. बोलता बोलता मी चुकीच्या पर्यायावर क्लिक केलं आणि पुढे ‘हो’ही म्हटलं. लक्षात आलं तेव्हा पट्टी सरकायला लागली होती. घाबरून पॉवरचं बटण दाबून धरलं. त्यानंतर लॅपटॉप उघडला की काळी स्क्रीन आणि वर एकच पांढरी ओळ — सुरू करण्यासारखी डिस्क सापडत नाही.

तन्वी हसली. “मावशी, हेच शिकवतेस काय गे तू पोरांना?”

लॅपटॉप माझ्याकडेच राहिला. परीक्षा झाली की बघू असं ठरलं. हेल्मेट घालताना तेवढं म्हणाली, “त्यात आईसाठी एक वस्तू करून ठेवलीय. अजून दाखवली नाही तिला. ती गेली नाही म्हणजे झालं.”

“काही जात नाही,” मी म्हटलं.

पुढचे दोन रविवार मी त्याला हात लावला नाही. वेळ नव्हता असं नाही. आपली चूक परत उघडून बघायचा कंटाळा… दुसरं काही नाही. मग तन्वीला ताप आला. पाचव्या दिवशी इस्पितळात ती गेली. त्याबद्दल मला जास्त लिहिता येणार नाही.

तेरावं झाल्यावर ताईने एवढंच विचारलं, “तिने माझ्यासाठी काय केलं होतं गे त्यात?” फोटो सगळ्यांकडे होते. ही वस्तू काय ती तन्वीलाच माहीत. लॅपटॉप कोणी बिघडवला हे ताईला पक्कं ठाऊक होतं. त्यावर एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं.

वास्कोला मिनेझिस म्हणून एक गृहस्थ आहेत. आयुष्यभर जहाजांवरची यंत्रं दुरुस्त केली, आता घरी बसून खराब डिस्कमधला डेटा काढून देतात. माझ्यासमोर त्यांनी लॅपटॉपचं खालचं झाकण उघडलं, डिस्क काढली — बोटाएवढी पट्टी असते ती — आणि पिशवीत घालून वर माझं नाव लिहिलं. “बाय, खोटी आशा देत नाही. ह्या जातीच्या डिस्कवर एकदा पुसलं की मागे फार राहत नाही. महिनाभर दे, बघतो.”

डिस्क नसलेला लॅपटॉप मी परत आणला. तो ताईने मागून घेतला. आत काय नाही, ते तिला सांगायचा धीर झाला नाही. “वास्कोच्या एका माणसाला दाखवलाय, अजून काम व्हायचंय त्याचं,” एवढंच म्हटलं. ताईने तो जेवणाच्या टेबलावर ठेवला. रोज पुसायची.

काजूचे दिवस होते. शाळा सुटून मी घरी पोचले आणि ताईचा फोन आला.

“अगो, चालू जालो गे लॅपटॉप! तुझ्या वास्कोच्या माणसाने बरं काम केलं.”

मला वाटलं, तिने बटण दाबलं असेल, पांढरी ओळ आली असेल, तिला तेच चालू झाल्यासारखं वाटलं असेल. आता तिथे जाऊन तिला खरं सांगावं लागणार… स्कूटरवर अख्खा रस्ता मी वाक्यं जुळवत होते.

ताई टेबलाशी बसली होती. स्क्रीनवर तन्वीचा डेस्कटॉप. काजूच्या बोंडांच्या ढिगाशेजारी बसलेल्या त्यांच्या मांजरीचा फोटो, त्यावर तिचे अस्ताव्यस्त फोल्डर. खाली कोपऱ्यात घड्याळ — पावणेचार. माझ्या मनगटावरही पावणेचारच. मी लॅपटॉपच्या दोन्ही बाजू बघितल्या. पेनड्राइव्ह नाही, काही नाही. नुसती चार्जरची वायर.

“आईक” नावाचं एक फोल्डर उघडं होतं. आमच्यात आईक म्हणजे आईला. आत आवाजाच्या फायली, ओळीने नंबर घातलेल्या. ताईने एकीवर दोनदा दाबलं.

“आई, आता हजेरीचं पान उघड. दिसलं? नाही दिसलं तर भियेनाका, काही मोडत नाही…”

तन्वीच. तिचं ते भराभर बोलणं, सर्दी झाल्यासारखा आवाज. अंगणवाडीतल्या मुलांची हजेरी कॉम्प्युटरवर भरायला ताईला जमायचं नाही. रोज संध्याकाळी तन्वीच भरून द्यायची. पुढच्या वर्षी ती हॉस्टेलवर जाणार होती, म्हणून आईला एकेक पायरी समजावून ठेवली होती. तीच ती वस्तू.

मध्येच मागे कुकरची शिट्टी झाली. “आई, शिट्टी झाली बघ,” तन्वी म्हणाली. आणि ताई उठली गे. गॅसकडे दोन पावलं गेली, थांबली, परत येऊन खुर्चीवर बसली.

मी फोन काढून रेकॉर्डिंग चालू केलं. पुढच्या फायलीत ती म्हणाली, “काही अडलं तर मावशीला फोन कर. तिला सगळं येतं.” मी खुर्चीची पाठ धरून उभी राहिले.

शेवटची फाईल लॅपटॉप बंद कसा करायचा ह्याची होती. “आई, झाकण आपटायचं नाही हां. आधी डाव्या कोपऱ्यात जा. मग शट डाउन. स्क्रीन काळी होईपर्यंत थांब, मगच झाकण लाव. बघ, जमलं तुला!”

ताईचं बोट कोपऱ्याकडे सरकायला लागलं. मी तिचं मनगट पकडलं. “ताई, नको! थांब, आधी हे सगळं दुसरीकडे घेऊया, मी पेनड्राइव्ह आणते…”

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. “ती सांगते तसं करू दे मगो मला.”

मी हात सोडला. का सोडला, माहीत नाही. ताईने शट डाउन केलं, स्क्रीन काळी होईपर्यंत थांबली, दोन्ही हातांनी झाकण लावलं. “जमलं,” असं हळूच म्हणाली.

ती चहा ठेवायला आत गेल्यावर मी बटण दाबलं. काळी स्क्रीन, पांढरी ओळ. दहा वेळा दाबलं, दहाही वेळा तेच. मग शिवणाच्या मशीनच्या खणातला स्क्रूड्रायव्हर घेऊन खालचं झाकण उघडलं. डिस्कची जागा रिकामी होती.

अंगणात जाऊन मिनेझिसना फोन लावला, डिस्क कुठे आहे विचारलं. त्यांनी उठून बघितलं. “हांगाच आसा बाय. पिशवीत, तुझं नाव घातलेली.” मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “सकाळपासून काही खाल्लंस?”

महिन्याने त्यांनी डिस्क परत दिली. तिच्यात काही मिळालं नाही. एकही फाईल नाही.

माझ्या फोनमधलं रेकॉर्डिंग आहे. त्यात फक्त ताईचा आवाज येतो — “हां… हां बाय… दिसलं…” — आणि मध्ये मध्ये शांतता. समोरचं माणूस बोलायला जेवढा वेळ घेईल तेवढी.

दोघींना एकाच वेळी भास झाला असेल. दुःखात होतं म्हणतात. मी स्वतःला हेच सांगत होते. ताईला मी काही सांगितलं नाही, अजूनही नाही. माझा जुना लॅपटॉप मात्र तिला नेऊन दिला, म्हटलं हजेरी भरायला मी शिकवेन. शनिवारी जाऊन बसले तिच्याशेजारी. तिने स्वतःच पान उघडलं, एकेका मुलाचं नाव घेत हजेरी भरली, सेव्ह केली. कुठेही अडली नाही. मी शिकवलं नव्हतं. भावोजींना ते येत नाही. त्या घरात तिसरं कोणी नाही.

“कोणी शिकवलं गे तुला?” मी विचारलं.

ताईला प्रश्नच कळला नाही. “तू होतीस की त्या दिवशी,” ती म्हणाली.