पिवळीचं मिटलेलं तोंड

टेलर मास्तरांची बायको जाऊन पंधरा दिवस झाले, आणि आता तिच्या काचेच्या टाकीतली पिवळीही खाईना. पिवळी म्हणजे तिची लाडकी सिक्लिड मासोळी. मास्तरांनी दाणे बदलले, मटार सोलून कुस्करून टाकले. पिवळी तोंड घट्ट मिटून दगडामागे जायची, की हे चिमट्यात घास धरून तिच्या मागे! शेवटी वैतागून ते मासे विकणाऱ्या दुकानदाराकडे गेले.

"गळा सुजलाय तिचा. औषध द्या काहीतरी."

दुकानदार भडकला. "आजारी कसली, मास्तर! तोंडात अंडी धरलीत तिनं. पिल्लं सोडेपर्यंत ती अन्नाला शिवायची नाही. असे हात धुऊन मागे लागलात, तर घाबरून सगळी गिळून टाकेल. वहिनी काय करायच्या, पाहिलं नाहीत कधी? काही करू नका. नुसते शेजारी बसा."

मास्तर औषध न घेताच दुकानातून निघाले. शेवटच्या आठवड्यात बायकोही हेच म्हणायची, "घास नको हो. जरा शेजारी बसा." आणि ते तिच्यावरच खेकसायचे, "न खाता बरी कशी होशील?"

घरी येऊन त्यांनी शिलाई मशीनपुढचं स्टूल टाकीजवळ ओढलं. रोज काम आटोपलं की तिथंच. बाराव्या दिवशी पिवळीनं तोंड उघडलं आणि तिळाएवढी पिल्लं एकेक करून बाहेर पडली. मास्तर स्टुलावरच होते.

बायकोनं शेवटचा श्वास घेतला, तेव्हा मात्र ते स्वयंपाकघरात होते, तिच्यासाठी दूध गाळत.